बटव्यातल्या गोळ्या

मी तोंडाची फटकळ, आणि नर्सला ते शोभून दिसतं असं मला बरीच वर्षं वाटायचं. मुळशीतल्या आमच्या छोट्या दवाखान्यात भूल देण्याआधीचे प्रश्न मी खाटेपाशी उभी राहून खणखणीत आवाजात विचारायचे. सकाळपासून काय खाल्लंत, दम लागतो का, दात हलतात का, गोळ्या कुठल्या चालू आहेत. नातेवाइकांचा घोळका असायचाच. कुणाकुणाला बाहेर काढत बसणार?

त्या दुपारी साठीच्या एक मावशी आल्या. गोठ्यात घसरून मनगट मोडलं होतं. सोबत हिंजवडीला कंपनीची कॅब चालवणारा मुलगा, सून, आणि शेजारच्या चांदे गावातून धावत आलेले मावशींचे मोठे दीर. सरकलेलं हाड गुंगीचं इंजेक्शन देऊन ओढून बसवायचं होतं. मी प्रश्न विचारत शेवटच्यावर आले, "झोपेच्या, डोक्याच्या, कसल्या गोळ्या घेता का?"

मावशींनी तोंड उघडायच्या आत मुलगाच बोलला, "न्हाई ओ. आईला बीपी न्हाई, शुगर न्हाई. तापातबी काढा पिती ती." दीर हसले. मावशी खाली बघत राहिल्या. मी कागदावर 'नाही' लिहून मोकळी झाले.

बांगड्या त्यांनी लगेच उतरवून दिल्या, पण कमरेचा बटवा काही सोडवेना. शेवटी "उघडू नगंस" असं बजावून तो सुनेच्या हातात ठेवला. मला हसू आलं. म्हातारीचं काय एवढं असणार त्यात, सुपारीच ना!

हाड छान बसलं. मावशी हाक मारल्यावर डोळे उघडत होत्या. भूल देणारे डॉक्टर शेजारच्या खोलीत पुढच्या पेशंटच्या तयारीला गेले आणि मावशी माझ्या ताब्यात आल्या. खरा धोका इथेच असतो. हाड ओढताना दुखतं, म्हणून माणूस गुंगीतही थोडा जागा राहतो. दुखणं थांबलं की तेच औषध अंगावर येतं. हे मी नवीन मुलींना शिकवते.

अंग गार लागतंय म्हणून सुनेनं त्यांना नाकापर्यंत शाल पांघरली. मावशी घोरत होत्या. "आत्या कशा गाढ झोपल्यात बगा," सून म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "लई दिसांनी. घरी रातभर कूस बदलत असत्यात." मी "बरं" म्हणून कागद भरत राहिले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, आणि बोटाला लावलेल्या, रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याचा आकडा अठ्ठ्याण्णव होता.

मग घोरणं थांबलं.

ऑक्सिजनचा मास्क लावलेला असला की तो आकडा फसवतो. श्वास मंदावला तरी बराच वेळ चांगलाच दिसतो. मी शाल ओढून काढली, पोटावर हात ठेवला आणि घड्याळाकडे बघत मोजलं. मिनिटाला सहा. "मावशी, डोळे उघडा! मावशी!" खांदा हलवला, चिमटा काढला. काही नाही. हनुवटी वर उचलून धरली आणि डॉक्टरांना जोरात हाक मारली.

ते धावत आले, मास्क आणि फुगा घेऊन श्वास द्यायला लागले. "उताऱ्याचं इंजेक्शन काढा."

गुंगीवरचा उतारा मी सिरिंजमध्ये भरला. हात पुढेही केला. आणि सुनेचं बोलणं आठवलं. रातभर कूस बदलत असत्यात. ज्याला झोप नाही तो माणूस कधी ना कधी मेडिकलच्या दुकानाची पायरी चढतोच. आणि रोज झोपेच्या गोळ्या खाणाऱ्याला हा उतारा दिला, तर झटके येऊ शकतात.

"सर, थांबा." मी सुनेकडे वळले. "झोपेची गोळी घेतात का त्या? खरं सांग."

"मला न्हाई ठावं, ताई." पण तिचा हात बटव्यावर घट्ट झाला. "आत्यांनी उघडू नगं म्हणलंय."

मी बटवा हिसकावलाच. सुपारी, चुन्याची डबी, आणि तळाशी रुमालात गुंडाळलेलं झोपेच्या गोळ्यांचं पाकीट. दोनच उरल्या होत्या. आम्ही दिलेल्या औषधाच्याच जातीच्या.

डॉक्टरांनी पाकीट पाहिलं आणि सिरिंज बाजूला ठेवायला सांगितली. आता औषध आपोआप उतरेपर्यंत मावशींचा श्वास आम्हीच घ्यायचा होता. ते दमले की मी फुगा दाबायचे, मी दमले की ते. दाराच्या फटीतून मुलगा विचारत होता, "आई उठंना का?" मी फुगा दाबत राहिले. भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग येत होता.

त्यांचे स्वतःचे श्वास मिनिटाला आठ झाले. दहा. तेरा. मग मावशींनी आपणहून एक लांब श्वास घेतला आणि मास्कला हात लावला. मला रडू फुटलं.

पुरतं भान आल्यावर त्यांनी आधी कंबर चाचपली. बटवा उघडा पडलेला दिसला आणि त्यांचे डोळे भरले. "पोराला दावलं का?"

"नाही."

"मालक गेल्यापास्नं डोळ्याला डोळा लागत न्हाई. आज भ्या वाटलं म्हणून सकाळी दोन खाल्ल्या."

मी आपल्या वळणावर गेले. "अहो, मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत? जीव गेला असता!"

मावशी रागावल्या नव्हत्या. "पोराम्होरं इचारलंस, दिराम्होरं इचारलंस. येकलीला इचारलं असतंस तर सांगितलं असतं, बाय."

कागद अजून खाटेच्या पायथ्याशी लटकत होता. त्यावर माझ्या अक्षरात 'नाही' लिहिलेलं होतं. मावशींनी ते एकदाही म्हटलं नव्हतं.