लांबून घेतलेलं माप

जुन्या शिवणयंत्राचा मळ रॉकेलच्या फडक्यानं पुसताना त्याच्या अंगातून एक कडवट, तेलकट वास सुटतो. सकाळपासून तो माझ्या बोटांना चिकटून बसला आहे. लोक सुट्टीत तीर्थयात्रा करतात. मी भंगारवाल्यांचे उंबरे झिजवते आणि अशी यंत्रं घरी आणते. कुठल्या देशातलं, साधारण केव्हाचं, हे मला नक्षीवरून, खालचा दोरा धरणाऱ्या आतल्या शटलवरून आणि अंगावर ठोकलेल्या नंबरावरून सांगता येतं. पाहुणे कौतुक करतात. मला मात्र या वासासरशी ठाणाकुशनूर गावची एक बाई आठवते आणि तोंड कडू होतं.

आमचं घर तिथलंच, कापडाच्या व्यापारातलं. माणसं सारी सारखी, अशी संतांची वचनं रोज सकाळी कानडीतून म्हणणारं. गावाबाहेरच्या वस्तीनं तेव्हा नुकताच बौद्ध धम्म स्वीकारला होता, आणि तिथल्या या बाईच्या हाताला शिवणात मोठी सफाई होती. पण माप घ्यायचं तर अंगाला हात लागणार! म्हणून आई घरातूनच माझं जुनं पोलकं अंगणात टाकायची, मला दारात उभं करायची, आणि ती बाई लांबूनच मला न्याहाळून माप मनात धरायची. शिवून आलेल्या कपड्यावर पाणी शिंपडलं की आम्ही शुद्ध. माझ्याहून कितीतरी मोठ्या त्या बाईला मी खुशाल अगंतुगं करत असे.

यंत्रांचा हा नाद जडल्यावर, एकोणीसशे ऐंशीच्या पुढे कधीतरी, तिची मशीन बघायला मी मुद्दाम गेले. ती थकली होती, तरी पायाखाली मशीन चालूच होती. मळाखाली सोनेरी वेल दिसत होती; असली नक्षी मी कुठंच पाहिली नव्हती. हावरटासारखी पुढे झाले. "अक्का, जरा नंबर पुसून बघते." जन्मात पहिल्यांदा तिला अक्का म्हणाले, तेही गरज पडल्यावर.

"हात लावू नका. तितूनच बघा."

"कामून?"

"तुमच्या अव्वानं पोलकं अंगणात टाकायचं, अन् म्या लांबूनच बघून शिवायचं. एक बी पोलकं कदी तंग झालं न्हाई. तुमी तर शिकलेल्या. बघा की, दिसायलाय का नंबर."

मी दारातच थांबून डोळे ताणले. मळाचा काळा पट्टा तेवढा दिसला.

"न्हाई दिसत."

"व्हय," एवढंच म्हणून तिनं पुन्हा पाय चालवला.

परतीच्या बसमध्ये मला तिचाच राग आला, हे लपवत नाही. आईचा राग यायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि स्वतःचा त्याहून जास्त. आता ती नाही. मशीन कुठे गेली, हे विचारायला तिच्या मुलांकडे जाण्याचं तोंड मला नाही. काळानं बरंच बदललं म्हणतात, बदललंही असेल. पण तिची माफी मागावी, हे त्या दारात मला सुचलंसुद्धा नव्हतं. मला नंबर हवा होता.