बेटावरची चिंच

गाळाचा ओला वास आला की गोदावरीतलं ते बेट आठवतं. लहानपणी मी काकूसोबत तिथं गवत आणायला गेले होते. तिचं माहेर पूर्वी त्याच बेटावर होतं. एका पुरानंतर गाव उठलं आणि घरांची जोती तेवढी उरली. त्या दिवशी वरच्या धरणातून पाणी सुटलं, होडी वाहून गेली आणि चहूबाजूंनी पाणी चढू लागलं. काकूनं मला चिंचेवर चढवलं, स्वतः कमरेएवढ्या पाण्यात बुंधा धरून उभी राहिली. "घट्ट धर. मायनं मला ह्याच झाडावर चढवलं व्हतं. वाचले न्हाई का मी?" संध्याकाळी भोयांनी आम्हाला सोडवलं. त्यांच्या होडीत मी विचारलं, "मग तुजी माय कुटं गेली?" काकू पदरानं माझं डोकं पुसत राहिली. आता मला लेक आहे. तो प्रश्न मी पुन्हा विचारला नाही.