काचेला विचारणाऱ्या बाई

“हाताचं ऐकू नका, काचेला विचारा.” आमच्या शाळेतल्या बाई पोरांना दिवसातून दहादा हे सांगायच्या. सांगताना तापमापीची नळी डोळ्यासमोर धरायच्या आणि एक डोळा मिटायच्या, नेम धरल्यासारखा.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या रंगखात्यात मी तीस वर्षं काढली. म्हातारपणी जवळच्याच शाळेत शिपाई लागलो. शिक्षण चौथी नापास. तुम्हीही अशा बाई पाहिल्या असतील, दिसायला साध्या आणि भयंकर हट्टी.

त्या तीन बादल्या मांडायच्या. एकीत माठाचं पाणी, एकीत सोसवेल इतकं गरम, मधलीत कोमट. एक हात गारात, एक गरमात, मग दोन्ही मधल्या बादलीत. पोरं गोंधळायची. एकाच पोराचा एक हात गार म्हणायचा, दुसरा गरम. एक यंत्रमागवाल्याची पोरगी तर रडायलाच लागली, “बाई, माजा कुटला हात खोटा हाय?”

बादल्या मीच भरायचो. एकदा म्हटलं, “बाई, आमी तीस वर्सं हातानंच रंगाचं पाणी बघितलं. कुटं अडलं?”

“मामा, तुमचा हात भाजून भाजून निबर झालाय की. त्याला काय कळतंय?”

पोरं खिदळली. मला राग आला.

त्याच एप्रिलात बायकोनं अंथरूण धरलं. मी उन्हातनं सायकल मारत घरी यायचो आणि तोच तापलेला हात तिच्या कपाळाला लावायचो. कपाळ गारच लागायचं. “ताप न्हाय तुला, पडून ऱ्हा,” म्हणायचो. चौथ्या दिवशी दवाखान्यात नर्सनं मापला. एकशे चार. ती परत घरी आली नाही.

तेराव्यानंतर कामावर गेलो. पोरं सुटल्यावर बाईंना विचारलं, “पहिल्या दिवशीच मापलं असतं तर वाचली असती का हो?”

गल्लीतले सगळे म्हणत होते, तिची वेळ भरली होती. बाई तसं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही, मामा.” आणि अंधार पडेपर्यंत माझ्याजवळ पायरीवर बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पोरांत बसवलं. कुठली रेघ कितीची, ते शिकवलं. सहा वर्षांची पोरं माझ्यावर ओरडायची, “मामा, डोळा खाली घ्या की!” शिकलो. मग व्हरांड्यातला दुपारचा आकडा रोज फळ्यावर मीच लिहू लागलो.

बाई रिटायर होऊन पुण्याला लेकीकडं गेल्या. मी रोज दुपारी फोन करायचो. आकडा सांगायचो, बास. “लई तापलं की हो,” असं त्या मुद्दाम माझ्यासारखं बोलायच्या.

या उन्हाळ्यात दोन दिवस फोन कुणी उचलला नाही. तिसऱ्या दिवशी लेकीनं उचलला. “काका, आई गेली. परवा.”

व्हरांड्यात उभा होतो, नळी समोर होती. म्हटलं, “आज त्रेचाळीस हाय, बाळ.”

ती म्हणाली, “थांबा काका. आई सगळे आकडे लिहून ठेवायची. वही घेते.”