उजळ केलेली आई

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला वैजनाथचा फोटो स्टुडिओ होता. पंचवीस वर्षं त्यानं मुख्यतः एकच काम केलं: लग्नाच्या मुलींचे फोटो. मुलीची आई काउंटरवर वाकून हळूच सांगे, "जरा उजळ येऊ द्या." वैजनाथ मान हलवी. आधी तो हे निगेटिव्हवर पेन्सिलीनं करी, पुढे कॉम्प्युटरवर. पुटकुळ्या, व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं कुणी न सांगताच जात.

२००५ साली आमच्या चित्रकार मंडळानं वेबसाइट काढायचं ठरवलं. मी मंडळाचा चिटणीस. सभासदांच्या चित्रांचे फोटो काढायला मी वैजनाथला बोलावलं. सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीत तो रोज दहाच्या ठोक्याला येई. चित्राच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दिवे लावी. काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून कॅमेऱ्यामागे काळा पडदा सोडी. चित्र तिरकं येऊ नये म्हणून चारही कोपऱ्यांपासून लेन्सपर्यंत दोरीनं माप घेई. चाळिसाव्या चित्रालाही त्यानं दोरी लावली, तेव्हा मी म्हटलं की आता नजरेनंच कळत असेल. तो म्हणाला, नजरेवर भरवसा ठेवू नये.

त्या चित्रांत कौशल्याबाईंचं एक तैलचित्र होतं. त्या निवृत्त परिचारिका, मूळच्या चंद्रपूरकडच्या. चित्र त्यांच्या आईचं. आई वीटभट्टीवर कामाला होती. तिचा एकही फोटो कधी निघाला नाही, आणि ती गेली तेव्हा कौशल्याबाई अकरा वर्षांच्या होत्या. चित्र सगळं आठवणीतून काढलेलं. ते बरोबर आहे की नाही हे सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता, थोरले भाऊ बापूराव. ते चंद्रपुरात अंथरुणाला खिळलेले होते. नातवाच्या कॉम्प्युटरवर त्यांना चित्र दाखवता येईल, म्हणून बाई तीनदा येऊन साइट कधी सुरू होणार ते विचारून गेल्या होत्या.

साइट सुरू झाली. चौथ्या दिवशी कौशल्याबाई आल्या आणि खुर्चीवर बसल्या. चित्र काढून टाका, म्हणाल्या. बापूरावांचा फोन आला होता. चित्र छान काढलंस, पण ही आपली आई नव्हे, असं ते म्हणाले होते.

"सत्तावन्न वर्षं मी भलताच चेहरा आई म्हणून सांभाळला की काय," त्या म्हणाल्या.

वैजनाथ कोपऱ्यात कॉम्प्युटरवर काम करत होता. त्याचा हात थांबला. त्यानं कॅमेऱ्यातला मूळ फोटो आणि साइटवरचा फोटो शेजारीशेजारी उघडले. मूळ चित्रात रंग काळासावळा होता आणि दोन्ही गालांवर देवीचे व्रण होते. साइटवरच्या आईचे गाल गुळगुळीत होते आणि रंग चांगला दोन छटा उजळ. हे आपण कधी केलं, ते त्याला आठवेना.

"बाई, तुमचं काही चुकलेलं नाही," तो म्हणाला. "हे माझ्या हातून झालंय. कुणी सांगितलं नव्हतं."

कौशल्याबाईंनी दोन्ही चेहरे बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "माझी आई लग्नाची मुलगी नव्हती हो, वैजनाथ."

मूळ फोटो तसाच चढवला असता तरी चाललं असतं. पण वैजनाथनं चित्र पुन्हा मागवलं. या वेळी एक दिवा बाजूला सरकवला, म्हणजे व्रणांवरचा जाड रंग उठून दिसेल. मग खिडकीच्या उजेडात चित्र ठेवून, बाईंना शेजारी बसवून, पडद्यावरची एकेक छटा त्यांना विचारत जुळवली. त्यात अख्खी दुपार गेली.

नवा फोटो चढल्यावर बाईंनी आमच्या खोलीतूनच चंद्रपूरला फोन लावला. स्पीकर चालू होता. पलीकडे बापूराव नातवाला चित्र मोठं कर, अजून मोठं कर, असं सांगत होते.

"आई पदर कानामागून घ्यायची," ते शेवटी म्हणाले. "तू कान झाकून टाकला."

"झाकायचीच, दादा. भट्टीवर धूळ असायची."

"ते भट्टीवर. घरी नाही."

पंधरा मिनिटं दोघं भांडत होते. बाई एका हातानं डोळे पुसत होत्या आणि आवाज चढवत होत्या. फोन ठेवल्यावर वैजनाथनं हळूच विचारलं, कान उघडा करून देऊ का?

"काही करू नका," कौशल्याबाई म्हणाल्या. "दादाला भांडू दे."