समोरच्या काकूंचं इंग्रजी

कुणाला कुठे बसवावं हे आमच्या समोरच्या काकूंइतकं अख्ख्या मंठ्यात कुणालाच कळत नाही. लग्नाची पंगत एक वेळ आचाऱ्याशिवाय उठेल, पण काकूंशिवाय बसायची नाही. कोणती आत्या कोणत्या मामीशी बोलत नाही, कोणता पाहुणा वरणाच्या बादलीजवळ बसला की बादली पुढे सरकत नाही, हे सगळं त्यांना पाठ. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या काकांना पहिला घास हातात असताना दंडाला धरून उठवलं. "तुमची माणसं तिकडं बसली, तुम्ही इथं कुणाचे?" एवढंच म्हणाल्या. काका घास हातात घेऊनच पलीकडच्या रांगेत गेले.

काकूंच्या सुनेला, म्हणजे वहिनींना, बँकेची परीक्षा द्यायची होती. गणितात वहिनी कुणाला ऐकायच्या नाहीत, पण इंग्रजीत दर वेळी थोडक्यात अडकायच्या, आणि वयाच्या अटीमुळे ही त्यांची शेवटची खेप होती. वहिनींचे यजमान अंकुशनगरला साखर कारखान्यात, रविवारी घरी येणारे. घरात उरल्या दोघी आणि त्यांच्याकडे सतत येणारे पाहुणे. पाहुण्यांवर काकूंनी उपाय शोधला. जेवणं झाली की वहिनी आत पुस्तक उघडायच्या आणि काकू पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालून आमच्याकडे येऊन बसायच्या. मागचं दार होतं, पण ते पाहुण्यांना ठाऊक नव्हतं.

एकदा धावड्याहून काकूंची धाकटी जाऊ आली. काकूंनी मला पुढे ढकललं. अनोळखी माणसाशी बोलणं मला जमत नाही. मी कसंबसं म्हटलं, "सगळ्या बाजारात गेल्यात." तेवढ्यात कुलूपबंद घरातून कुकरची शिट्टी झाली. जाऊबाईंनी कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे. शेवटी काकू आमच्या दारातून शांतपणे बाहेर आल्या.

"कुकर लावून आल्ते. चाबी कुठं पडली सापडंना. ये, चहा घे."

"आन् अक्का, शिट्ट्या होऊन राह्यल्या त्याचं काय?"

"होतंय बंद."

आणि खरंच, आतून कुणीतरी गॅस बंद केला. जाऊबाईंनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि जाताना म्हणाल्या, "तुमच्या घरचं भूत लई गुणाचं हाय अक्का. आमच्याकडं पाठवा चार दिवस."

अशा दुपारी आमच्या घरात बसून काकूंचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, बोलायला कमी, म्हणजे त्यांच्या मते वाया चाललेलं सामान. "सराव पेपर घे अन् वाच. नुसतं इंग्रजी न्हाई, मराठीत काय होतं ते बी सांग." वहिनींना सगळ्यात छळणारे प्रश्न असे असायचे, की वाक्यातला वर्णनाचा तुकडा भलत्याच शब्दाशेजारी ठेवलेला असतो आणि तो उचलून योग्य जागी न्यायचा. मी पहिलंच वाक्य जसं होतं तसं मराठीत सांगितलं : छताला लटकलेल्या साहेबांनी नव्या पंख्याचं कौतुक केलं. काकूंच्या हातातली निवडायची मेथी तशीच राहिली.

"साहेब कशाला लटकले?"

"पंखा लटकलाय, काकू. शब्द साहेबांजवळ ठेवलाय म्हणून."

"मंग पंख्याजवळ बसवा की. पंगतीचंच काम हाय हे."

त्या दिवसापासून त्यांना नादच लागला. एका वाक्यात आजीने डाळ वाढली होती, पण शब्दांच्या जागेमुळे तासभर उकळत होती ती आजीच. काकूंनी निकाल दिला, "सासू असंल ती. लिहिणारी सून असंल." संध्याकाळी कुलूप काढलं की त्या सगळे लटकलेले साहेब आणि उकळलेल्या आज्या वहिनींपुढे नेऊन उभ्या करत आणि प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारायला लावत : हे कुणासंग आलंय? काकूंचं सगळंच बरोबर असायचं असं मात्र नाही. दोन मुलगे ओट्यावर बसलेले आणि त्यांची आई विहिरीवरून पाणी आणते, असं एक अगदी निर्दोष वाक्य त्यांनी ठामपणे चूक ठरवलं. मी व्याकरण सांगू लागले, तर म्हणाल्या, "ग्रामर बराबर असंल. घर बराबर न्हाई."

परीक्षेला त्या वहिनींबरोबर जालन्याला गेल्या. केंद्राबाहेर सावली शोधून बसल्या आणि शेजारच्या एका बापाला, तुमची पोरगी आत असताना फोन कशाला लावता, म्हणून रागावल्या. वहिनींनी नंतर मला सांगितलं की आत पेपर सोडवताना काकूंचाच आवाज कानात होता. निकाल लागला तेव्हा काकू पेढ्यांआधी धावड्याला फोन लावायला विसरल्या नाहीत. "भूत पास झालं," म्हणाल्या, आणि पलीकडचं ऐकून न घेता फोन ठेवला.

वहिनींना शाखा मिळाली ती कोकणात. काकूंनी चटण्या, शेवया, सांडगे असं इतकं बांधून दिलं की वहिनींना गाडीत मांडीवर पिशवी घ्यावी लागली. वहिनी रडल्या, काकू रडल्या नाहीत. "जल्दी बसा, गाडी कुणासाठी थांबत न्हाई," एवढंच म्हणाल्या.

आता त्यांच्या दाराला दुपारी कुलूप नसतं. पाहुणेही पूर्वीसारखे येत नाहीत. वहिनी गेल्यावर दोन दिवस काकू आमच्याकडे आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मेथीची जुडी घेऊन आमच्याकडे आल्या, नेहमीच्या जागी बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "वाच की एखादं."

सराव पेपर वहिनी घेऊन गेल्या होत्या. मी शेल्फवरचं हाताला लागेल ते पुस्तक उघडलं, एक वाक्य वाचलं, मराठीत सांगितलं. काकूंनी डोळे बारीक करून ते बराच वेळ तपासलं.

"ह्याच्यात कुणी चुकीचं बसलेलं न्हाई?"

"नाही, काकू. सगळे जागच्या जागी आहेत."

त्यांनी मेथीची एक काडी मोडली, पानं बाजूला केली.

"बरं," म्हणाल्या. "मंग दुसरं वाच."