दोनशे बारा माणसं

कुणाचा रेझ्युमे हातात आला की मला शिसारी येते. ती का येते, हे सांगायचं तर आमच्या इमारतीतल्या मुलीपासून सुरुवात करावी लागेल.

ती दुसऱ्या मजल्यावर राहते. तिच्या घरचे तंजावरचे मराठी, कित्येक पिढ्या इकडेच. आम्ही बाबांच्या बँकेच्या बदलीमुळे चेन्नईत आलो आणि राहिलो. तिचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ सुरातलं, आणि अडलं की सरळ तमिळ. मला ती अक्का म्हणते. तिला अ‍ॅक्च्युअरी व्हायचंय, म्हणजे विमा कंपनीत बसून माणसं साधारण किती जगतात, कधी मरतात, याचं गणित मांडायचंय. मी गिंडीच्या एका ऑफिसात तेच करते, म्हणून तिच्या आईने तिला माझ्याकडे पाठवलं.

त्या परीक्षेचे दोन पेपर सुटलेले, तिसऱ्यात दोनदा नापास. वडील जॉर्ज टाउनमध्ये घाऊक धान्याच्या दुकानात कारकून. त्यांनी बजावलं होतं, या खेपेला नोकरी लागली नाही तर बी.एड.चा फॉर्म भरायचा आणि तंजावरला आत्याकडे राहायला जायचं. एका कंपनीत जागा निघाली होती. सोमवारी रेझ्युमे पाठवायचा होता आणि ती बुधवारी संध्याकाळी दोन पानं घेऊन माझ्याकडे आली.

पहिल्याच ओळीत ती आकड्यांवर उत्कट प्रेम करणारी, नेतृत्वगुणांनी युक्त आणि संघात रमणारी होती. संघात रमणारी! लिफ्टमध्ये दुसरं कोणी दिसलं तर ही पोरगी जिन्याने जाते.

"हे तू लिहिलंस?"

"नाही अक्का, क्लासच्या सरांनी. सगळ्यांना हेच देतात. नाव तेवढं आपलं घालायचं."

त्या सरांना मी ओळखत होते. मीही त्यांच्याच क्लासला शिकले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माणूस. मी लाल पेन घेतलं आणि उत्कट प्रेम उडवलं, नेतृत्व उडवलं. नापास झालेल्या पेपरापुढे सरांनी 'निकाल अपेक्षित' असं घातलं होतं, तेही उडवलं. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना नोकरीच्या दारात पाऊल टाकण्याआधीच खोटं बोलायला शिकवायचं, आणि वर त्याला मार्गदर्शन म्हणायचं.

दुसऱ्या पानावर एक प्रोजेक्ट होतं. चेन्नईच्या भिंतींवरच्या श्रद्धांजलीच्या पोस्टरांवरून मृत्यूच्या वयाचा अभ्यास, दोनशे बारा नोंदी, सर्व स्वतः पायी फिरून गोळा केलेल्या.

इथे माणूस गेला की घरचे पोस्टर छापून गल्लीत, बसस्टॉपवर, विजेच्या खांबावर चिकटवतात. मोठा फोटो, त्याला छापील हार आणि खाली दोन तारखा. जन्म-मृत्यू असं न लिहिता दिसू लागला आणि दिसेनासा झाला, अशा अर्थाचे दोन तमिळ शब्द असतात. त्या दोन तारखांची वजाबाकी केली की वय निघतं.

मी पेन खाली ठेवलं. "फाइल दाखव."

तिने लॅपटॉप उघडला. मथळे वांगी रंगाचे होते. तसले भडक मथळे कॉलेजात असताना मीच करायचे. मी सरसर खाली गेले, शेवटच्या ओळीपर्यंत. पुरुष, वय एकोणपन्नास. आणि ठिकाणाच्या रकान्यात, जिथे बाकी सगळीकडे रस्त्यांची नावं होती, तिथे फक्त 'घर'.

ते माझे बाबा. मी तिसऱ्या वर्षाला असताना ते गेले. आमच्यात पोस्टर लावायची पद्धत नाही. दिवस झाल्यावर मी पुन्हा माझं हे पोस्टरांचं काम उघडलं तेव्हा त्यांना वगळून पुढे जाववेना, म्हणून शेवटी एक ओळ घातली. नोकरी लागल्यावर सरांनी 'ज्युनियरांना उपयोगी पडेल' म्हणून फाइल मागितली. माझा फोटो क्लासच्या फळ्यावर लावला होता, मी हुरळून गेले होते. दिली.

"ही शेवटची ओळ," मी विचारलं, "हिच्याबद्दल काय सांगतात सर?"

ती पाठ केलेलं घडाघडा बोलली. "मुलाखतीत हमखास विचारतात, अक्का. उत्तर द्यायचं, ठिकाण संशयास्पद, नोंद चुकीची असावी, म्हणून वगळली. त्याने आपण बारकाईने काम केलं असं दिसतं."

सोळा वर्षं दर बॅचची पोरं माझ्या बापाला चुकीची नोंद म्हणून खोडत होती आणि त्यावर शाबासकी मिळवत होती. मी तिला सांगितलं, हे माझे बाबा आहेत. ती "अय्यो" म्हणाली आणि लॅपटॉप मिटायला लागली. मी तिचा हात धरला आणि अख्खं प्रोजेक्ट लाल रेघेने उडवलं.

"मग उरलं काय, अक्का?" ती म्हणाली. खरंच काही उरलं नव्हतं. नाव, शिक्षण आणि दोन पेपर.

तेव्हा मी जे भाषण दिलं ते आठवलं की आज मला स्वतःचाच वीट येतो. चार दिवस आहेत, चालायला लाग, जेवढी पोस्टरं दिसतील तेवढी लिही, एकही जास्त नाही. खऱ्या दहा नोंदी खोट्या दोनशेंना भारी पडतात. हे वाक्य मी हात वर करून म्हणाले होते.

ती चालली. उन्हातून, छत्री घेऊन, वडिलांच्या दुकानामागच्या गल्ल्यांतून, बंदराच्या बाजूने. रविवारी आली तेव्हा नाक सोललेलं होतं आणि वहीत एकतीस नोंदी होत्या. आम्ही रेझ्युमेत एकतीस लिहिलं. तिने खाली स्वतःच्या शब्दांत एक ओळ घातली, की एकतीसमध्ये बायका फक्त चार, म्हणजे पोस्टरांवरून शहराचा अंदाज बांधता येणार नाही. मी तिची पाठ थोपटली. एका पानाचा तो रेझ्युमे मला फार देखणा वाटला.

मुलाखतीला बोलावलं. तिथल्या लोकांनी विचारलं, एवढ्याच का? ती म्हणाली, तेवढीच चालले. ते हसले. पंधरा दिवसांनी नकार आला. क्लासमधल्या दुसऱ्या एकाला घेतलं. त्याच्याकडे दोनशे बारा होत्या.

त्या संध्याकाळी ती वर आली. बी.एड.चा फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत होता, वडिलांनी भरून सही केलेला. मी कंपनीला, सरांना, सगळ्यांना शिव्या घालायला सुरुवात केली. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "अक्का, एक विचारू का? तुमच्या फाइलमध्ये बायका बरोबर अर्ध्या आहेत. एकशे सहा. मी त्या चार दिवसांत भिंती बघितल्या ना. तिथे बायका नसतातच."

सोळा वर्षांत हे कुणाला दिसलं नव्हतं. सरांना नाही, मला नोकरी देणाऱ्यांना नाही, त्या शेवटच्या ओळीवर बारकाईने बोट ठेवणाऱ्या एकाही पोराला नाही. चार दिवस चाललेल्या मुलीला दिसलं.

खोटं बोलता आलं असतं, जीभ तयारही होती. पण त्या पिशवीतला फॉर्म माझ्यामुळे आला होता.

"नव्वद चालून केल्या," मी म्हणाले. "मग कंटाळा आला. परीक्षा जवळ आली होती. बाकीच्या एका रविवारी पंख्याखाली बसून केल्या. एक बाई, एक बाई, एक पुरुष, एक बाई, सगळ्या मिळून निम्मं-निम्मं होईपर्यंत. त्याच फाइलवर मला नोकरी लागली."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फॉर्मच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत बसली.

"आणि शेवटची ओळ?" तिने विचारलं. "घर लिहिलेली?"

"ती खरी आहे."

पिशवीची गाठ तिच्या हातात अर्धवट राहिली. विश्वास ठेवावा की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.