पिल्सनरवाले काका

बिअरच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस पीत नव्हता, यावर आमच्या नळदुर्गात कुणाचा विश्वास बसत नाही. काका चव बघण्यापुरता घोट घेत, त्यापलीकडे थेंब नाही. डोकं मात्र न पिताच तापलेलं. सुट्टीत गावी आले की हायवेवरच्या ढाब्यात शिरून उन्हात ठेवलेली बाटल्यांची खोकी स्वतः सावलीत ओढत. मालक हसला की कडाडत, “दूध ठिवतो का रं उन्हात? मग हिनं काय तुझं घोडं मारलंय?”

मला कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनीच चिकटवलं. पहिल्याच दिवशी पिल्सनर बिअरचा ग्लास उजेडाला धरून दाखवला. सोनेरी, आरपार दिसणारी, वर दाट पांढरा फेस. मग चाखायला दिली. शेवटी जिभेवर स्वच्छ कडवटपणा राहिला. म्हणाले, “युरोपातल्या पिल्सेन गावची ही. तिथली बिअर नासाया लागली तवा लोकांनी पिपंच्या पिपं भर चौकात ओतली. मग परमुलखातला कारागीर आणला. फिकट माल्ट, म्हंजी मोड आणून वाळवलेली बार्ली, तिथलं मऊ पाणी, कडवटपणाला तिथलीच हॉप्सची फुलं, आन् गार तळघरात निवांत निजू दिली. रागातनं जन्मलीय ही. आपल्याला राग येतच न्हाय, समदं चालतंय.” ‘चालतंय’ म्हणणाऱ्याची ते सात पिढ्यांसकट हजेरी घेत.

एका उन्हाळ्यात मागणी वाढली आणि साहेबांनी टाकीतली बिअर ठरल्याच्या निम्म्याच दिवसांत बाहेर काढायला सांगितली. काकांनी टाकीच्या कागदावर सही केली नाही. “निजल्याबिगर ही पिल्सनर न्हाय. दुसरं नाव द्या, मग करतो सही,” असं तोंडावर सांगितलं. मी शेजारीच नमुन्याच्या बाटल्या धरून उभा होतो. आठवड्याच्या आत काकांचा राजीनामा घेतला गेला.

गावात बोभाटा झाला, पिऊन पडायचा म्हणून हाकलला. या गावाचा मला संताप येतो. सरळ माणसाची सरळ गोष्ट यांच्या घशाखाली उतरत नाही. तेव्हा काकांच्या मुलीचं, सुनीताचं, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या एका घरी जमत आलं होतं. पाहुणे आले, आणि मुलाच्या मामांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, “तुमी तर तिथंच कामाला हाव. खरं सांगा, पिण्यानंच गेली न्हवं नोकरी?”

हे मामा आमच्या साहेबांच्या ऊठबशीतले. खरं बोललो असतो तर दोन दिवसांत ते साहेबांच्या कानावर गेलं असतं.

“मला नक्की काय म्हाईत न्हाय,” मी म्हणालो.

सोयरीक मोडली. गावाला मी शिव्या घालतो, पण गावाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. नोकरी टिकली. आता टाक्यांच्या कागदांवर सही माझी असते, साहेब म्हणतील त्या दिवशी.

पाहुणे गेल्यावर काका माझ्यावर तुटून पडतील म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. त्यांनी पाहुण्यांचे कप उचलून आत नेले. पुढं वारेपर्यंत, भेटलो की एवढंच विचारत, “जेवलास का?”

एक शिवी तरी द्यायला हवी होती त्यांनी.